कितवा दिवस?

"कितवा दिवस?" काउंटरवरचे मामा विचारतात.

"बाविसावा. पोपटी दिसाय लागलंय," समोरचे बागायतदार सांगतात. विजारीवर मोरचुदाचे निळे शिंतोडे, हातात मोटरसायकलची किल्ली. मामा वळतात, काचेच्या कपाटातून जीएची, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिडची, पाकिटं काढतात, खालच्या खणातून डाऊनी रोगावरचं औषध घेतात आणि बाटली डोळ्यांजवळ नेऊन तिच्यावरची मुदत वाचतात. शेजारी संगणकावर मालकांची मुलगी बसली आहे. सगळे तिला ताई म्हणतात. प्रिंटर घरघरतो आणि बिल बाहेर येतं: नाव, गाव, मालाचं नाव, बॅच नंबर, मुदत, नग, दर, कर, एकूण. कायद्याला लागतं ते सगळं त्यात आहे. बाविसावा दिवस मात्र नाही. मामांनी तो विचारला, त्यावरूनच माल काढून दिला, पण दुकानाच्या दप्तरात तो कुठेच उतरला नाही.

आज ताईला तो दप्तरात बसवून घ्यायचा आहे. त्यासाठी सांगलीहून टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचे सर आलेत.

दुकान म्हणजे तासगावहून मणेराजुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं कृषी सेवा केंद्र. 2025 च्या नोव्हेंबरचा पहिला आठवडा चालू आहे. यंदा पाऊस दिवाळी झाली तरी हटला नाही, त्यामुळे फळछाटण्या कुणाच्या मागे पडल्या, कुणाच्या तुकड्यातुकड्यांनी झाल्या. एरवी इथल्या द्राक्षबागांचं वर्ष ठरलेलं असतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. फळछाटणी झाली की बागायतदार तारीख बघायची सोडतो आणि दिवस मोजायला लागतो. छाटल्याबरोबर काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग, विसाव्याच्या आसपास घड पोपटी दिसू लागले की जीएची पहिली फवारणी, पुढे फुलोरा, मग मणी धरले की घड जीएच्या द्रावणात बुडवायचं डिपिंग, विरळणी, आणि वाणाप्रमाणे एकशेवीस, एकशेतीस दिवसांनंतर काढणी. दुकानात येणारा माणूस "आज 6 तारीख, काय मारू?" असं कधीच विचारत नाही. तो दिवस सांगतो आणि औषध मागतो.

संगणकाचं वर्ष मात्र 1 एप्रिलला सुरू होऊन 31 मार्चला संपतं आणि मधे त्याचे बारा सरळ महिने असतात. मालक म्हणजे आण्णा, खुर्ची ओढून पडद्यासमोर येतात. "गेल्या नोव्हेंबरचं काढ. जीए किती गेलंय बघ, तेवढंच सांगून टाकू." ताई विक्रीचं रजिस्टर उघडते, शेजारी नवा कॉलम घेऊन गेल्या वर्षीचा नोव्हेंबर लावते. आकडे समोर येतात, स्वच्छ, बेरजेसकट. ती बोट पडद्यावर ठेवते.

"आण्णा, गेल्या साली नोव्हेंबरात आपल्या निम्म्या बागा डिपिंगला आल्या होत्या. ह्यातली मोठी पाकिटं सगळी डिपिंगची. औंदा काही छाटायच्याच राहिल्यात. ह्या आकड्याएवढं मागवलं तर कपाटात पडून राहील."

आण्णा चष्मा कपाळावर सरकवतात. बेरीज बरोबर आहे आणि तरी तिच्यावरून माल मागवता येत नाही, हे त्यांना लगेच पटतं. चाळीस वर्षं हाच धंदा केलाय. हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा, निविष्ठा विक्रेत्यांसाठीचा 'देसी' डिप्लोमा त्यांनी अलीकडे केला, त्याचं प्रमाणपत्र परवान्यांशेजारी भिंतीवर लावलेलं आहे.

सर आल्या आल्या चालू दप्तराला हात लावत नाहीत. आधी बॅकअप घेतात, तो पेन ड्राइव्हवर उतरवतात, मग त्याची एक वेगळी कंपनी उघडून तिच्या नावापुढे 'चाचणी' असं लिहितात. "जे काय करायचं ते हिच्यात. खऱ्या दप्तरात शेवटी," ते म्हणतात. मला हा माणूस आवडायला लागतो. चालू दुकानाच्या हिशेबात थेट हात घालणारे बरेच असतात.

कोड लिहायच्या आधी ते जे मुळातच प्रोग्रॅममध्ये आहे ते वापरायला सांगतात. दुकानातला सगळा माल कंपनीनुसार गटांत लावलेला आहे. ज्या कंपनीचा माल, त्या कंपनीचा स्टॉक ग्रुप. त्यामुळे कोणत्या कंपनीचा किती माल गेला हे चटकन कळतं. पण मॅन्कोझेब किती गेलं, हे विचारलं तर उत्तर नाही, कारण तेच मॅन्कोझेब वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या गटांत विखुरलेलं आहे. सर स्टॉक कॅटेगरी चालू करतात. गट तसेच राहतात आणि प्रत्येक मालाला दुसरी एक ओळख मिळते, त्यातल्या घटकाची. मॅन्कोझेब, सल्फर, डायमिथोमॉर्फ, जिबरेलिक अ‍ॅसिड. ताई बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचत एकेक घटक सांगते आणि कामाला असलेला मुलगा तो भरत जातो.

दुसरी अडचण नगाची. संगणकाच्या लेखी जीएचं एक ग्रॅमचं पाकीटही एक नग आणि दहा ग्रॅमचंही एक नग. दोन्हींची बेरीज दोन नग. हा आकडा बरोबर असून कुणाच्याच कामाचा नाही. सर मालाच्या नोंदीत पर्यायी युनिट चालू करतात: या पाकिटाचा एक नग म्हणजे एक ग्रॅम, त्या पाकिटाचा एक नग म्हणजे दहा ग्रॅम. पुन्हा रिपोर्ट. आता नगांशेजारी ग्रॅम दिसतात.

"रुपयांत का नको बघायला?" आण्णा विचारतात.

"गेल्या वर्षीचे रुपये आणि यंदाचे रुपये सारखे कुठं राहिलेत, आण्णा? भाव हलले. जीएवरचा जीएसटी 22 सप्टेंबरपासून 12 चा 5 झाला, बुरशीनाशकांवर 18 तसाच आहे. ग्रॅम कधी बदलत नाहीत. ग्रॅम बघू."

मग ताई घडी घातलेला एक कागद पुढे करते. बिल करताना विचारून घ्यायच्या गोष्टींची तिची यादी. मोबाईल, गाव, प्लॉट, एकर, वाण, खुंट, छाटणीची तारीख, पाण्याचा टीडीएस, निर्यात की लोकल, शेवटची फवारणी. ती बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेली आहे आणि यादीतली एकही गोष्ट तिने उगाच लिहिलेली नाही. खुंट आणि पाणी माहीत असेल तर सल्ला नेमका देता येतो.

मामा कागदाकडे बघतात, मग बाहेर. पायरीवर माणसं उभी आहेत.

"ताई, सकाळी सातला दार उघडलं की धा माणसं असत्यात. प्रत्येकाला एवढं विचारत बसलो तर पाचवं गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जातंय. आणि आपण घाईत काहीबाही भरणार. बघा, सांगून ठेवतो."

सर मामांच्या बाजूने मान हलवतात. ते पेन घेतात आणि यादीवर उभी रेघ मारतात. एका बाजूला एकदाच विचारायचं, दुसऱ्या बाजूला दर बिलाला विचारायचं. वाण, खुंट, एकर, गाव हे सगळं पहिल्या बाजूला जातं. ते गिऱ्हाईकाच्या खात्यात एकदा लिहिलं की झालं. दर बिलाला विचारायचं म्हणून शेवटी काहीच उरत नाही, कारण छाटणीची तारीख एकदा खात्यात आली की दिवस संगणक मोजेल, बिलाच्या तारखेतून छाटणीची तारीख वजा करून. 'पाण्याचा टीडीएस' वर सर थांबतात. "ह्यातनं कोणता रिपोर्ट काढणार?" ताई विचार करते. सध्या तरी कोणता नाही. ती स्वतःच तो शब्द खोडते. 'शेवटची फवारणी'सुद्धा खोडली जाते. बागायतदार घाईत काय सांगेल याचा भरवसा नाही, आणि चुकीची नोंद रिकाम्या जागेपेक्षा वाईट असते, कारण ती पुढे खरी म्हणून वाचली जाते.

हे खोडणं बघत असताना मला वाटतं, सॉफ्टवेअर आपल्या सोयीचं करून घेणं म्हणजे मुळात हेच काम. आपलं दुकान काय लक्षात ठेवणार आणि काय सोडून देणार, हे ठरवायचं. पडद्याचे रंग, बिलावरचा देवाचा फोटो, नावाचं वळणदार अक्षर यावरच लोक पैसे घालवतात आणि दुकान विसराळूच राहतं.

या प्रोग्रॅमचा जन्मही एका व्यापाऱ्याच्या अडचणीतूनच झालेला आहे. श्यामसुंदर गोएंका कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना कच्चा माल, यंत्रांचे सुटे भाग पुरवत. आपल्या हिशेबाला चालेल असा प्रोग्रॅम त्यांना मिळेना, तेव्हा मुलगा भारत याने तो लिहिला आणि 1986 मध्ये बंगळुरात कंपनी उभी राहिली. टॅलीत स्वतःच्या गरजेचे रकाने आणि रिपोर्ट घालायला टीडीएल नावाची तिची स्वतःची भाषा आहे. सर आता त्याच भाषेत लिहायला बसतात. साध्या नोटपॅडमध्ये, पांढऱ्यावर काळी अक्षरं. मी खांद्यावरून बघतो. रिपोर्टमध्ये फॉर्म, फॉर्ममध्ये पार्ट, पार्टमध्ये लाइन, लाइनमध्ये फील्ड, अशी उतरंड आहे आणि प्रत्येकाचं वर्णन चौकटी कंसातल्या नावाने सुरू होतं. खात्याच्या फॉर्ममध्ये ते एक ओळ वाढवतात: छाटणीची तारीख. ती साठवायला एक नवा रकाना जाहीर करतात आणि त्याला नंबर देतात.

तो नंबर ते ताईच्या वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला लिहायला लावतात.

"हे कशाला?" ती विचारते.

"माहिती ह्या नंबराखाली साठते. उद्या मी नसलो आणि दुसऱ्या कुणी दुसऱ्या कामाला हाच नंबर वापरला, तर दोन्हींची सरमिसळ होईल. आणि संगणक बदलला, ही फाइल लावायची राहिली, तर माहिती आत असेल पण पडद्यावर दिसणार नाही. तेव्हा घाबरून परत भरायला बसू नका. फाइल लावा, सगळं दिसेल."

गावाचा रकाना भरताना वेगळाच गुंता निघतो. जुन्या खात्यांत सावळज हे एकच गाव रोमन लिपीत चार-पाच तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. कुठे व्ही, कुठे डब्ल्यू, कुठे एक ए जास्त. गावनिहाय विक्री काढली की सावळजच्या चार-पाच ओळी, प्रत्येकीची बेरीज वेगळी. सर गाव टाइप करायची सोयच काढून टाकतात. आता पहिलं अक्षर दाबलं की यादी उघडते आणि तिच्यातूनच गाव निवडावं लागतं. नवं गाव यादीत घालायचं तर ते फक्त ताई घालणार. मामांना हे फार आवडतं, कारण त्यांना टायपिंगचा कंटाळा आहे.

सव्वाआठ. चाचणीची कंपनी तयार आहे. पायरीवरून एक जुने बागायतदार आत येतात, त्यांना सगळे तात्या म्हणतात. ताईच्या वहीत त्यांच्या छाटणीची तारीख आहे, कारण दसऱ्यापासून पेस्ट न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने ती विचारून ठेवली आहे. ती तात्यांच्या खात्यात तारीख भरते, चाचणीचं बिल करते, आणि बिलाच्या वरच्या कोपऱ्यात छापून येतं: छाटणीनंतरचा दिवस 19.

तात्या बिल हातात घेतात, दिव्याखाली धरतात.

"19 विहिरीकडच्याचा. हे औषध ओढ्याकडच्या प्लॉटला नेतोय मी. तो पावसानं अडकला, चार दिवसांनी छाटला. त्याचा 15 वा."

क्षणभर कुणी काही बोलत नाही. नोंद माणसाच्या नावावर होती आणि दिवस माणसाचा नसतो, प्लॉटचा असतो. ताईच्या यादीत 'प्लॉट' हा शब्द होताच, पण गाव आणि वाण यांच्यासारखा एकदाच भरायच्या बाजूला गेला होता. यंदा पावसाने छाटण्या तुकड्यांनी झाल्या आहेत. एकेका बागायतदाराचे दोन-दोन, तीन-तीन दिवस चालू असणार. एकच तारीख धरून मोजलेला प्रत्येक रिपोर्ट तिरका निघाला असता.

सर कपाळ चोळतात, लॅपटॉपमध्ये एक जुनी फाइल शोधतात. खताच्या एका दुकानासाठी त्यांनी कधी तरी एका खात्याखाली अनेक ओळी लिहायची सोय केली होती. तिच्यातला भाग ते उचलून इथे बसवतात. गिऱ्हाईकाच्या खात्यात आता एक छोटा तक्ता उघडतो: प्लॉटचं नाव, एकर, वाण, छाटणीची तारीख. हव्या तितक्या ओळी. आणि बिलात गिऱ्हाईकाचं नाव आलं की त्याच्याच प्लॉटांची यादी समोर येते. एकच प्लॉट असेल तर तो आपोआप धरला जातो, म्हणजे मामांना एंटर मारून पुढे जाता येईल. दोन असतील तर एक प्रश्न वाढतो. "तेवढा चालंल," मामा म्हणतात. "तसंबी मी विचारतोच की, कुठल्या तुकड्याला म्हणून."

हे काम चालू असताना तात्या बाकड्यावर बसतात, चहा येतो, आणि आण्णा त्यांच्याशी बोलता बोलता 2010 सालावर येतात. त्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि माल तिकडे अडकला. इकडे क्लोरमेक्वाटला सगळे सीसीसी म्हणतात. वेलीची वाढ रोखायला ते वापरात होतं. "लोकं दुकानात यायची," आण्णा सांगतात. "आम्ही तुमच्याकडनं कधी नेलं, किती नेलं, सांगा म्हणायची. गठ्ठे उपसायचो. बिल सापडायचं. पण कुठल्या प्लॉटला गेलं ते त्यात कुठं होतं?" आता निर्यातीच्या बागांची नोंदणी ग्रेपनेटवर होते, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या याद्यांत कोणतं औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं ते दिलेलं असतं, आणि बागायतदार स्वतःची फवारणीची वही ठेवतो. दुकानाचं दप्तर त्या वहीशेजारी ठेवून ताडून बघता आलं पाहिजे, एवढंच आण्णांना हवं आहे.

ताई हे ऐकते आणि सरांनी नुकत्याच काढलेल्या रिपोर्टच्या मथळ्याकडे बघते. तिथे लिहिलंय: प्लॉटनिहाय फवारणी.

"सर, हे बदला. 'विक्री' लिहा. आपण काय विकलं ते आपल्याला माहीत आहे. त्यांनी मारलं की शेडमध्ये ठेवलं, ते आपल्याला माहीत नाही."

सर शब्द बदलतात. मला ही दुरुस्ती आजच्या सगळ्या कोडइतकीच मोलाची वाटते. नेलं म्हणजे मारलं असं नव्हे. उद्या एखादा कागद कुणाच्या विरोधात पुढे आला, तर मथळ्यातल्या त्या एका शब्दाने माणूस अडकू शकतो.

दुसरा वाद रोखीच्या गिऱ्हाईकांवरून होतो. रस्त्यावरून जाता जाता थांबणारे, खातं नसलेले, पैसे देऊन बाटली घेऊन जाणारे. त्यांचा प्लॉट कुठून आणायचा? मुलगा म्हणतो, त्यांना रिपोर्टमधून वगळू. सर म्हणतात, वगळलं तर खालची एकूण बेरीज विक्रीच्या रजिस्टरशी जुळणार नाही, आणि जुळत नाही म्हटल्यावर आठ दिवसांत ह्या रिपोर्टकडे कुणी बघणार नाही. शेवटी तळाला एक ओळ ठेवायची ठरते: प्लॉटची नोंद नाही. त्या ओळीत रोखीची सगळी विक्री. पहिल्यांदा रिपोर्ट निघतो तेव्हा ती ओळ चांगली जाडजूड दिसते. आण्णा तिच्याकडे बराच वेळ बघतात. आपल्याला किती माहीत नाही हे सांगणारी ओळ असलेला रिपोर्ट मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे.

आण्णांचं स्वतःचं एक काम आहे, ते ते भीत भीत काढतात. येणे-बाकीचा रिपोर्ट. पडद्यावर तो तीस, साठ, नव्वद दिवसांच्या खणांत लागतो आणि नव्वदच्या पुढच्या खणात जवळजवळ सगळं गाव. "ही सगळी माझी चांगली माणसं हायत," ते म्हणतात. "बेदाणा विकला की आणून देत्यात. ह्यात ती बुडवी दिसत्यात." त्याला कोड लागत नाही. सर खात्यांत उधारीची मुदत बागेच्या हंगामाएवढी धरतात आणि दिवस बिलाच्या तारखेऐवजी देय तारखेपासून मोजायला लावतात. लांबलचक यादी आखडते आणि जी चार नावं उरतात ती वाचून आण्णा फक्त "हां" म्हणतात. ती चार कोण, हे त्यांना आधीच माहीत होतं. फरक एवढाच की आता ताईलाही कळलं.

मग सर ती फाइल खऱ्या दप्तराला लावतात, प्रोग्रॅम उघडताना ती आपोआप चालू होईल अशी खूण करतात, आणि वही भरायचं काम सुरू होतं. ताई वाचते, मुलगा टाइप करतो. "वायफळे, घरामागचा, सव्वा एकर, सुपर सोनाका, 14 ऑक्टोबर." "सावळज, माळावरचा, दोन एकर, थॉमसन, 19 ऑक्टोबर." मधेच मामा दुरुस्ती करतात, "माळावरचा सोळाला छाटलाय, मी स्वतः पेस्ट दिली," आणि ताई वहीत खाडाखोड करते. एका पानावर पाणी सांडलेलं आहे. तिथल्या तारखा उद्या फोन करून विचारायच्या ठरतात. पायरीवरची गिऱ्हाइकं या वाचनात आपला प्लॉट ऐकून आत डोकावतात आणि राहिलेला दुसरा तुकडा सांगून जातात.

साडेनऊला शेवटची ओळ भरून होते. सर दिवसांचे टप्पे पाडलेला विक्रीचा रिपोर्ट काढतात: एक ते सात, आठ ते चौदा, असे खाली खाली, आणि आडवे घटक. कोणत्या टप्प्यावर कोणता घटक किती गेला ते आता महिन्याच्या आड न जाता दिसतं. ताई तो बघते, पण तिचं समाधान होत नाही.

"हे झालेलं आहे. मला होणारं पाहिजे. पुढच्या बुधवारपर्यंत किती प्लॉट वीस ते पंचविसात येतील?"

सर हसतात. माहिती तीच, फक्त बिलाच्या तारखेऐवजी पुढची तारीख द्यायची. ते आणखी एक छोटा रिपोर्ट लिहितात, त्यात विक्री नाहीच. नुसते प्लॉट, त्यांचे एकर, आणि दिलेल्या तारखेला त्यांचा कितवा दिवस असेल ते. ताई बुधवारची तारीख घालते. 31 प्लॉट. 38 एकर.

मामांना एकरी हिशेब पाठ आहे. ते बोटांवर धरतात, "दीडशेच्या आसपास ग्रॅम." ताई साठा उघडते. एक ग्रॅमची साठ पाकिटं शिल्लक आहेत, मुदत पुढच्या वर्षीची.

आण्णा होलसेलवाल्याला फोन लावतात. पलीकडून मोठा आकडा सुचवला जात असावा, कारण आण्णा दोनदा "नको, नको" म्हणतात.

"गेल्या नोव्हेंबरचं सोडा. डिपिंग औंदा डिसेंबरात जातंय. एक ग्रॅमची नव्वद पाकिटं पाठवा, मंगळवारी सकाळच्या गाडीला. मोठी पाकिटं आत्ता नकोत, ती मी तुम्हाला तारखेसकट सांगतो." ते फोन कानाला तसाच धरून ताईकडे बघतात. ती चाळिसाव्या दिवसाच्या पुढे जाणारे प्लॉट काढायला लागली आहे. "आणि सल्फरचं थांबा जरा. उद्या दुपारपर्यंत एकर कळवतो."